सेल्फ फिरतो, पण स्पार्क नाही: एटीव्हीचा इलेक्ट्रिक दोष शोधायला शिकताना

बटण दाबलं की ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुढे सगळं शांत. किंवा सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर) झोकात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. किंवा सकाळी पहिल्या दमात सुरू झालेली गाडी तासभर पळवून थांबवली की पुन्हा चालू व्हायचं नावच घेत नाही. एटीव्हीच्या (हँडलने वळवायच्या, चार जाड टायरांच्या ऑफ-रोड गाडीच्या) इलेक्ट्रिकच्या बहुतेक तक्रारी या तीन प्रकारांत बसतात, आणि तिन्हींचा माग वेगवेगळ्या वाटेने काढावा लागतो. वाट सुरुवातीलाच ओळखली नाही तर माणूस अंदाजाने पार्ट आणत सुटतो.

मीही असाच सुटलो होतो. स्पार्क नव्हता म्हणून आधी सीडीआय (ठिणगीचा हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणला, मग एचटी कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणारी), मग प्लग कॅप (प्लगवर बसणारी टोपी). स्पार्क आला, दोन दिवस टिकला आणि पुन्हा गेला. शेवटी सीटखाली चॅसीला लावलेली अर्थिंगची वायर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) सोडून पाहिली, तर रिंग टर्मिनलच्या खाली रंगाचा जाड थर आणि त्यावर हिरवट भुकटी. नट बाहेरून चकचकीत दिसत होता म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. काचपेपरने घासून घट्ट केल्यावर गाडी सुरू झाली. नवे तिन्ही पार्ट चांगले होते आणि काढलेले जुने तिन्हीही.

म्हणून खालचा क्रम ‘कुठला पार्ट महाग’ किंवा ‘कुठला बदलायला सोपा’ यावर लावलेला नाही. बॅटरीतून निघालेला करंट प्लगच्या टोकापर्यंत कोणत्या वाटेने जातो, त्या वाटेने चालायचं आणि तो जिथे थांबतो तिथे आपणही थांबायचं. एटीव्हीत ही वाट चिखलातून, पाण्यातून आणि धक्क्यांतून जाते, त्यामुळे तुटलेल्या पार्टपेक्षा सैल, ओलसर आणि गंजलेले सांधेच जास्त सापडतात. त्यात गाडी धुताना प्रेशर वॉशरचा फवारा हँडलच्या स्विचवर आणि सीटखालच्या कनेक्टरांवर मारायची सवय असेल तर बघायलाच नको.

हाताशी काय हवं

एक डिजिटल मल्टिमीटर, एक १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), ताठ केसांचा छोटा वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा कॅन आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस (सांध्यात ओल शिरू न देणारं). समायोजन करता येणारा स्पार्क टेस्टर मिळाला तर उत्तम. या सगळ्याहून मोलाची वस्तू म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंग डायग्राम. वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे ‘पिवळी वायर म्हणजे अमुक’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर आधी डायग्राममध्ये बघा. खाली दिलेले आकडे बहुतेक गाड्यांना लागू पडतात, पण मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा धरायचा.

मल्टिमीटर कधी वापरला नसेल तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. व्होल्ट मोजताना गाडीत करंट चालू असावा लागतो आणि ओहम मोजताना तो बंद असावा लागतो. ओहमच्या सेटिंगवर असताना बॅटरीला प्रोब लावला तर आकडा चुकीचा येतो आणि साधा मीटर जळूही शकतो. कमी ओहम मोजण्याआधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून पाहा. स्वस्त मीटर तेव्हाही ०.३ किंवा ०.४ दाखवतो, तेवढं नंतर वजा करायचं.

हात लावण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये टाका, पार्किंग ब्रेक लावा आणि उघड्यावर काम करा. बंद खोलीत चालू इंजिनाचा धूर जीवघेणा असतो. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह. लावताना उलटा क्रम. पॉझिटिव्ह सोडताना पाना चॅसीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलाच असला तर ठिणग्या उडतात, पानाही तापतो. बॅटरी उलटी जोडायची चूक मात्र एका क्षणासाठीही परवडत नाही, कारण त्यात आरआर युनिट (चार्जिंगचे व्होल्ट काबूत ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात.

पहिली पायरी: नक्की काय मेलंय?

चावी फिरवा. मीटरवरचे दिवे लागतात का? हेडलाइट लागतो का? ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का? हॉर्न असेल तर तो वाजतो का?

काहीच लागत नसेल तर बॅटरीची टर्मिनल, मेन फ्यूज आणि चावीचा स्विच, या तीनच ठिकाणी बघायचं. मेन फ्यूज बहुतेक गाड्यांत सोलेनॉइडच्या (बटण दाबल्यावर सेल्फला जाड करंट जोडून देणाऱ्या स्विचच्या) अंगाला किंवा बॅटरीजवळच्या डबीत असतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून चांगला म्हणू नका. त्याच्या पायाशी बारीक तडा असला तरी वरून तो ठीकच दिसतो. टेस्ट लॅम्प अर्थ करून फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेकवा. एका बाजूला दिवा लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे फ्यूज गेला. नवा फ्यूज टाकल्याबरोबर उडाला तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका आणि तार गुंडाळायचा विचारही करू नका. कुठेतरी शॉर्ट आहे आणि ते शोधायचं आहे. हँडलच्या मानेशी, सायलेन्सरच्या वळणाशी आणि मडगार्डच्या बोल्टखाली दबलेल्या वायरी आधी तपासा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा. सीट काढल्यावर एअर फिल्टरच्या डब्यापाशी घरटं सापडलं तर शोध तिथूनच सुरू होतो.

दुसरी पायरी: बॅटरी

गाडी काही तास उभी राहिल्यावर, सगळं बंद असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्ट मोजा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवत असेल तर पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० च्या आसपास म्हणजे उतरलेलीच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं गणित निराळं आहे. ती भरलेली असताना १३.३ च्या आसपास असते, म्हणजे तिच्यावर १२.६ दिसले तर ती रिकामी व्हायला आली आहे. नुकतीच चार्जरवरून काढलेली बॅटरी खोटा वाढीव आकडा दाखवते, म्हणून तिला आधी थोडा वेळ पडू द्या.

पण नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवू नका. म्हातारी बॅटरी १२.७ दाखवते आणि सेल्फ मारला की कोसळते. खरी परीक्षा भाराखाली होते: प्रोब टर्मिनलवर धरून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी एकतर उतरलेली आहे किंवा गेलेली. चार्ज करून पुन्हा हीच परीक्षा घ्या. तरीही कोसळली तर बदला.

प्रोब धरताना एक गंमत करून पाहा. आधी तो वायरच्या लग्जवर (टोकाच्या धातूच्या पकडीवर) न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा आणि सेल्फ मारा. मग लग्जवर टेकवून तेच करा. दोन आकड्यांत ठळक फरक आला तर दोष त्या सांध्यात आहे, बॅटरीत नाही. अशी ‘मेलेली’ बॅटरी ब्रशने दोन मिनिटं घासल्यावर जिवंत झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

चार्जिंगसाठी बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट पुरे. १२ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर सव्वा अँपिअरच्या आसपास. मोठ्या गाडीच्या दांडग्या चार्जरवर तिला टाकू नका. चारचाकीच्या बॅटरीवरून जंप द्यायचा असेल तर चारचाकीचं इंजिन बंद ठेवा.

तिसरी पायरी: ‘टक्’चा अर्थ

आवाज नीट ऐका, तो बरंच सांगून जातो. ‘टकटकटक’ असा झपझप आवाज आला तर सोलेनॉइड ओढतोय, पण बॅटरीत दम नाही किंवा सांधा सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक्’ आला तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असतील, जाड वायरींचा सांधा गंजला असेल किंवा स्टार्टर मोटरच अडकली असेल. काहीच आवाज नाही, म्हणजे सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाही.

एकच ‘टक्’ असेल तेव्हा व्होल्टेज ड्रॉपची चाचणी करा. नवशिक्यांना ही सुरुवातीला उलटी वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरा स्टार्टर मोटरच्या बोल्टवर, म्हणजे सोलेनॉइडमधून जाणाऱ्या एकाच जाड वाटेच्या दोन टोकांवर. सेल्फ मारा. वायर, सांधे आणि सोलेनॉइड हे सगळं धडधाकट असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल, कारण दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट आहेत. मीटरवर जितका आकडा येतो, तितके व्होल्ट वाटेत कुठेतरी अडकून उष्णतेत वाया जाताहेत. ०.५ पर्यंत चालतं. ३ किंवा ४ आला तर एक प्रोब एकेक सांधा पुढे सरकवत जा: बॅटरीची खुंटी ते लग्ज, लग्ज ते सोलेनॉइडचा पहिला बोल्ट, मग सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये. जिथे आकडा उडी मारतो तिथे चोर आहे. हीच चाचणी अर्थिंगच्या बाजूनेही करा, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह खुंटी ते इंजिनाचा केस. तिथे ०.२ च्या वर आकडा येता कामा नये. माझ्या तीन पार्टांची गोष्ट वर सांगितली ना? ही चाचणी तेव्हा ठाऊक असती तर तो दोष पाच मिनिटांत सापडला असता.

सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून सेल्फ फिरवायची युक्ती जो तो सांगतो. तिने काम होतं, पण मोठी ठिणगी उडते, स्क्रू ड्रायव्हर चिकटू शकतो आणि सगळे सुरक्षा स्विच बाजूला पडतात. गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येईल. व्होल्टेज ड्रॉपने तेच उत्तर मिळत असताना मी तरी या वाटेला जात नाही.

काहीच आवाज नसेल तर सुरक्षेचे स्विच बघायचे. बहुतेक एटीव्ही न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये नसली, ब्रेक दाबलेला नसला किंवा किल स्विच (इंजिन बंद करायचा हँडलवरचा स्विच) बंद असला तर सेल्फ घेत नाही. काहींना स्वाराच्या मनगटाला बांधायची दोरी असते. ती निघालेली असली तरी गाडी गप्प. लहान मुलांच्या काही मॉडेलांत रिमोटने इंजिन बंद करायची सोय असते आणि ती बंदच राहिलेली असते. यात हसण्यासारखं काही नाही, मीसुद्धा किल स्विच बंद ठेवून अर्धा तास वायरिंग तपासलं आहे.

मग ब्रेकचा स्विच बघा. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागत नसेल तर संशय तिथेच पक्का होतो. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का ते पाहा. दोन्ही ठीक असतील तर सोलेनॉइडच्या दोन बारीक वायरींवर टेस्ट लॅम्प लावून बटण दाबा. दोन्हींच्या मध्ये लावलेला दिवा लागला आणि सोलेनॉइड गप्पच राहिला तर सोलेनॉइड गेला. दिवा लागला नाही तर एकेका वायरला वेगळं तपासा. काही गाड्यांत पॉझिटिव्ह बटणातून येतो आणि अर्थिंग न्यूट्रलच्या स्विचमधून, काहींत उलट असतं, म्हणून डायग्राम उघडून ठेवा.

चौथी पायरी: सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

इथे आधी स्पार्क आहे की नाही हे नक्की करा, कारण पेट्रोल न आल्यानेही हेच होतं. प्लग काढा आणि निरखा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन बरं चाललं होतं. काजळीसारखं काळं आणि कोरडं असेल तर पेट्रोल जास्त, नाहीतर स्पार्क कमजोर. तेलकट ओलं असेल तर इंजिनात तेल चढतंय. पांढरंफटक असेल तर हवा जास्त किंवा उष्णता जास्त. पेट्रोलने भिजलेला असेल तर पेट्रोल येतंय, पेट होत नाही. गॅप फीलर गेजने मोजा. बहुतेक एटीव्हींत ती ०.६ ते ०.८ मिलीमीटरच्या दरम्यान असते.

स्पार्क तपासताना टेस्टरची चिमटी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, प्लगच्या भोकापासून जितकं लांब जमेल तितकी. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते आणि शेजारीच ठिणगी उडाली तर भडका होतो. टेस्टर नसेल तर नवा प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला पक्का टेकवा, तोही भोकापासून लांबच. प्लगचं उघडं भोक कापडाने बंद करा. एक गोष्ट कधीही करू नका: कॅप मोकळी लटकवून सेल्फ मारणं. उच्च दाबाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या किंवा सीडीआयच्या आतच फुटतो. हाताने कॅप धरून पाहणं तर सोडूनच द्या. हा झटका साधा नसतो.

ठिणगी निळसर, जाड आणि ‘चट्’ असा आवाज करणारी हवी. बारीक केशरी धागा दिसत असेल तर तो उघड्या हवेत कसाबसा उडतो, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझतो. त्याला स्पार्क नाही असंच समजा.

ठिणगी नसेल तर क्रमाने पुढे चला.

सुरुवात किल स्विचपासून. हा हँडलवर उघड्यावर असतो, रोज चिखल खातो आणि सर्वांत जास्त त्रास हाच देतो. मात्र तपासण्याआधी तुमच्या गाडीचं इग्निशन कोणत्या जातीचं आहे ते डायग्राममध्ये बघा. एसी सीडीआय असेल तर सीडीआयला करंट स्टेटरच्या (इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या कॉइलांच्या संचाच्या) वेगळ्या कॉइलमधून मिळतो आणि किल स्विच त्याची एक वायर अर्थ करून इंजिन बंद करतो. म्हणजे ती वायर वाटेत कुठेही चॅसीला घासून अर्थ झाली तरी स्पार्क जातो. अशा गाडीत किल स्विचची वायर सीडीआयच्या जवळ सोडून पाहा. स्पार्क परत आला तर दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरीत. चाचणीपुरतंच हं, कारण वायर सुटलेली असताना इंजिन बटणाने बंद होणार नाही. डीसी सीडीआय किंवा ईसीयूच्या गाडीत उलट असतं: स्विच बॅटरीचा करंट पुढे पाठवतो. तिथे वायर सोडून उपयोग नाही, टेस्ट लॅम्पने करंट पोचतो का ते बघायचं.

स्विच उघडायचा असेल तर सावकाश उघडा. दोन स्क्रू काढले की आत मटारच्या दाण्याहून लहान स्प्रिंग आणि छोटी पितळी पट्टी असते. ती ‘टिंग’ करून उडाली की गवतात शोधत बसावं लागतं. म्हणून मी स्विच नेहमी प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून उघडतो. पट्टीवर काळा थर असेल तर खोडरबराने घासा. काचपेपर पितळाला खातो. मग कॉन्टॅक्ट क्लीनर, मग किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस.

दुसरा नंबर प्लग कॅपचा. बहुतेक कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा आणि तिच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. साधारण ५ किलो-ओहम दिसायला हवेत, काही कॅप शून्याच्याही असतात. अनंत दिसलं तर कॅप गेली. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर पाच-सहा मिलीमीटर कापून आत चकचकीत तांबं लागलं की कॅप पुन्हा फिरवून बसवा. वायरला कुठे तडा आहे का हे अंधारात कळतं: सेल्फ मारत असताना हलक्या फवाऱ्याने वायरवर पाणी शिंपडा, गळती असेल तिथे निळी रेघ नाचताना दिसते. बघायचंच फक्त, हात लांब.

तिसरी एचटी कॉइल. कॅप काढून वायरचं टोक ते कॉइलचा अर्थ, यात काही किलो-ओहम यायला हवेत. प्रायमरीचे (कॉइलच्या करंट आत घेणाऱ्या वेटोळ्याचे) ओहम सीडीआयच्या कॉइलमध्ये बहुधा एकाच्या आतच असतात आणि स्वस्त मीटरला ते आणि शॉर्ट यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून ओहमच्या चाचणीत नापास झालेली कॉइल नक्की खराब, पण पास झालेली चांगली असेलच असं नाही. ही कॉइल गार असताना बरी चालून तापल्यावरही फुटते. कॉइलचा धातूचा पाय चॅसीला जिथे बसतो ती जागा मात्र आवर्जून घासा. बऱ्याच गाड्यांत अर्थिंग तिथूनच जातं.

चौथी पल्सर कॉइल. ही मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) कडेला बसते आणि ठिणगी केव्हा उडवायची ते सीडीआयला सांगते. तिच्या कनेक्टरवर ओहम मोजा. बहुतेक ठिकाणी शंभर ते पाचशेच्या दरम्यान येतात. मग मीटर एसी व्होल्टवर लावून सेल्फ मारा; आकडा हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर कॉइल, तिची वायर किंवा तिची मॅग्नेटपासूनची फट यांपैकी काहीतरी बिघडलंय. फट सहसा मिलीमीटरच्या आतलीच असते. कव्हर उघडलंच तर कॉइलच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का ते बघा. एसी सीडीआयच्या गाडीत त्याच कनेक्टरवर सीडीआयला करंट देणाऱ्या कॉइलचे ओहमही मॅन्युअलशी ताडून घ्या.

हे सगळं बरोबर आलं, सीडीआयला करंट मिळतोय, अर्थिंग मिळतंय, पल्सरचा इशारा मिळतोय आणि तरीही बाहेर काही निघत नाही, तेव्हाच सीडीआयवर ठपका ठेवा. त्याला घरी नीट तपासायचा सोपा मार्ग नाही, तशाच दुसऱ्या चालू गाडीचा लावून पाहणं हाच उपाय. ‘पिना जुळतात, लावून बघू’ मात्र म्हणू नका. एसीच्या जागी डीसी सीडीआय कधी कधी हुबेहूब दिसतो आणि नवा पार्ट क्षणात जळतो.

स्पार्क चांगला आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन उलटा झटका देतं किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडतं? मग मॅग्नेटची चावी, म्हणजे शाफ्टच्या खाचेतला तो छोटा लोखंडी तुकडा, तुटून मॅग्नेट फिरला असेल. ठिणगी उडते, पण भलत्याच वेळी.

फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. गाडी कधी आडवी झाली असेल तर कलंडल्याचा सेन्सर इंजिन बंद करून बसतो. बऱ्याच मॉडेलांत चावी बंद करून पुन्हा फिरवली की तो मोकळा होतो. चेक इंजिनचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल तर ते लुकलुकणं मोजा आणि मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ बघा.

चालते, पण एका आरपीएमच्या पुढे अडते

हा दोष लोकांना सर्वांत जास्त फसवतो. कार्ब्युरेटर तीनदा साफ होतो आणि गाडी तशीच. बऱ्याच एटीव्हींत रिव्हर्समध्ये वेग वाढू नये म्हणून इग्निशन मुद्दाम तोडलं जातं, काहींत पार्किंग ब्रेक लावलेला असतानाही. रिव्हर्सचा स्विच अडकला किंवा त्याची वायर अर्थ झाली की गाडी पुढे जात असतानाही आपण मागे जातोय असंच समजते आणि ठरावीक ठिकाणी अडखळते. अडखळणं प्रत्येक वेळी अगदी त्याच आरपीएमला होत असेल तर आधी हे स्विच तपासा.

तापल्यावर बंद पडते, गार झाल्यावर सुरू होते

बंद पडल्या क्षणी दोन गोष्टी करा. पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. ‘फस्स’ आवाज येऊन गाडी सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, इलेक्ट्रिकचा काही संबंध नाही. नसेल तर तिथल्या तिथे, गार होऊ न देता, स्पार्क तपासा. स्पार्क गेलेला असेल तर स्टेटर, पल्सर आणि एचटी कॉइल यांचे ओहम गरम असतानाच मोजा आणि गार झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा अनंताकडे पळत असेल तर तोच गुन्हेगार. घरी हे नाटक पुन्हा घडवायचं असेल तर केस वाळवायच्या यंत्राने कॉइल तापवून पाहता येते.

चार्जिंग

बॅटरी नवी आहे आणि चार दिवसांत पुन्हा उतरते? आधी ती पूर्ण चार्ज करा, मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट मोजा. आरपीएम ३,००० ते ५,००० च्या दरम्यान नेल्यावर १३.५ ते १४.८ दिसायला हवेत. १५ च्या पुढे गेले तर आरआर युनिट बिघडलंय. बॅटरी उकळण्याआधी आणि बल्ब उडण्याआधी बंद करा. आकडा १२.५ वरच अडून राहिला तर इंजिन बंद करून स्टेटरचा कनेक्टर सोडा. तीन वायरींचा स्टेटर असेल तर कुठल्याही दोन-दोन वायरींमध्ये ओहम सारखेच आणि एकाच्या आसपास किंवा कमी यायला हवेत. तिन्हींपैकी एकही चॅसीशी जोडलेली असता कामा नये. मग इंजिन चालू करून त्याच जोड्यांवर एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्या सारख्या हव्यात आणि आरपीएमबरोबर चढत गेल्या पाहिजेत. इथे झटका बसण्याइतके व्होल्ट असतात, तेव्हा प्रोबच्या उघड्या टोकांना बोट लावू नका. स्टेटर चांगला निघाला तर उरलं आरआर युनिट आणि त्यापासून बॅटरीपर्यंतची वायर. तो कनेक्टर वितळून तपकिरी पडलेला दिसला तर नव्या आरआर युनिटबरोबर कनेक्टरही बदला, नाहीतर महिन्याभरात हीच पाळी पुन्हा येईल. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ पाहायची जुनी पद्धत विसरा. त्या झटक्यात इलेक्ट्रॉनिक्स जातं.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून वायर आणि खुंटी यांच्यामध्ये धरा. या वेळी चुकूनही चावी फिरवायची नाही आणि सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. काही मिलीअँपिअर चालतात. ५० च्या वर गेले तर एकेक फ्यूज काढत जा. बहुतेकदा उत्तर हौसेने लावलेल्या वस्तूत असतं: विंच, जास्तीचे दिवे, मोबाइल चार्जर. त्यांच्यासाठी मूळ वायर सोलून टेप गुंडाळलेला असेल तर तो सांधा आधी उघडा.

सांधा जोडताना

तांबं काळं किंवा हिरवं पडलं असेल तर आवरणाखाली ते बरंच आतपर्यंत तसं असतं. लालसर चमक दिसेपर्यंत कापत जा. चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने जोडून वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसता इन्सुलेशन टेप पाण्यात टिकत नाही, उलट आत ओल धरून ठेवतो. कनेक्टर जोडण्याआधी प्रत्येक पिन हळूच ओढून पाहा; कधी कधी ती मागे सरकलेली असते आणि बाहेरून कनेक्टर बसलेला दिसतो.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू ठेवा आणि हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत वळवा. मग मानेपाशी, सीटखाली आणि मॅग्नेटच्या कव्हरपाशी वायरिंगचे जुडगे हाताने हलवत जा. आवाजात जराशीही घसरण झाली तर इंजिन बंद करून नेमक्या त्याच ठिकाणचा टेप उघडा.